मिक्सरच्या शेजारची जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी बँड आपल्याकडे येणार असला की वर्तमानपत्रांत तीन बातम्या ठरलेल्या असतात. तिकिटं किती मिनिटांत संपली, काळ्या बाजारात कितीला गेली आणि कोणते रस्ते कधी बंद राहणार. जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हाही हेच छापून आलं. त्याच मैदानावर डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू आणि मे २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस वाजवून गेले, तेव्हाही वेगळं काही नव्हतं. ज्या माणसाने वीस-पंचवीस वर्षं एकाच बँडची गाणी कॅसेटपासून मोबाइलपर्यंत उगाळली, त्याला त्या रात्री नेमकं ऐकू काय येणार, यावर मात्र एक ओळ सापडत नाही. वाहतुकीची सूचना छापता, तशी श्रोत्यासाठीही छापावी, एवढीच विनंती आहे. त्यात काय असावं, ते पुढे लिहितो.

पहिली गोष्ट तिकिटाची. कोल्डप्लेचं तिकीट २,५०० रुपयांपासून सुरू होऊन ३५,००० पर्यंत होतं, आणि जुना चाहता साधारणपणे खिशाला परवडेल तितकं स्टेजच्या जवळचं घेतो. बघायला ते ठीक आहे. ऐकायला मात्र बॅरिकेडला चिकटलेली जागा मैदानातल्या सर्वात वाईट जागांपैकी एक असते. मिरवणुकीतल्या साउंडवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ‘टॉप’ आणि ‘बेस’ तिथे वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. टॉप म्हणजे स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंच टांगलेली, केळीच्या फण्यासारखी वाकलेली खोक्यांची माळ. ती माळ पुढच्या रांगांच्या डोक्यावरून आवाज मागे फेकायला बनवलेली असते. बेसची खोकी मात्र जमिनीवर, नेमकी बॅरिकेडच्या पलीकडे ओळीने मांडलेली. त्यामुळे पहिल्या पाच-सात रांगांना बेस पोटात बसतो, स्टेजवरचे ड्रम थेट कानावर येतात आणि गाणाऱ्याचा आवाज स्टेजच्या कडेला ठेवलेल्या छोट्या स्पीकरांतून जेमतेम मिळतो. शब्द पाठ असतात म्हणून ते ऐकू आल्यासारखे वाटतात, इतकंच.

मैदानाच्या मध्यावर, स्टेजपासून साधारण ३० ते ५० मीटरवर ताडपत्रीचं छप्पर टाकलेला एक मचाण असतो. त्याच्या मागे उभं राहिलं तर दिसत नाही म्हणून लोक त्याला शिव्या घालतात. पण त्या मचाणावर मिक्सर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आणि गळ्यांचे आवाज एकत्र जुळवणारं बटणांचं यंत्र असतं आणि मिक्सरवर बसलेला माणूस त्याच्या स्वतःच्या कानाला जे पटतं तेच बटणांनी ठरवत असतो. गाणाऱ्याचा आवाज गिटारच्या किती वर ठेवायचा, झांजेची धार किती काढायची, हा सगळा हिशेब त्या एका जागेवरून होतो. तेव्हा बँड जसा ऐकला जावा असं बँडला वाटतं, तसा तो त्या मचाणाच्या आसपासच ऐकू येतो. उभ्याने ऐकायचं तिकीट असेल तर मचाणाच्या पुढे दहा-बारा पावलं किंवा बाजूला, कठड्याला टेकून जागा धरावी. टेकायला कठडा मिळतो हा वरचा फायदा.

त्यातही एक बारकावा आहे. स्टेजचा बरोबर मध्य धरून सरळ मागे एक रेघ ओढली, तर त्या रेघेवर डाव्या-उजव्या बेसचा आवाज एकाच क्षणी पोहोचतो आणि दुणावतो. रेघ सोडून बाजूला सरकलं की काही सुरांना दोन्ही बाजूंच्या लाटा एकमेकींना मारतात आणि तो सूर गायब होतो. ६० हर्ट्झच्या बेसची एक लाट पावणेसहा मीटर लांब असते, म्हणून हा फरक दोन-तीन मीटरांतही जाणवतो. छातीत नुसतं धडधडतंय आणि बेस गिटारची चाल कळत नाही, असं वाटलं तर मागे जाऊन उपयोग नाही, तीन मीटर आडवं सरकावं. हे करून बघायला पैसे पडत नाहीत, तरी कुणी करत नाही.

स्टँडमधल्या जागेचं गणित वेगळं. आवाज उन्हाळी रात्री सेकंदाला साधारण ३४६ मीटर चालतो, म्हणजे स्टेजपासून १०० मीटरवरच्या खुर्चीत तो जवळपास ०.२९ सेकंद उशिरा पोहोचतो. डोळ्याला मात्र तेव्हाचं तेव्हा दिसतं. म्हणून मागच्या स्टँडमधून ड्रमरची काठी आधी पडताना दिसते आणि ठोका नंतर येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाचं, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ या प्रवासात गेला. सगळं स्टेडियम टाळ्या वाजवतं तेव्हा ताल चिखलासारखा का होतो, याचं उत्तर हेच आहे. लांबलेल्या दिंडीत पुढच्या टाळकऱ्यांचा ठोका आणि मागच्यांचा ठोका जुळत नाही, तोच प्रकार. तिथे लोक विणेकऱ्याकडे आणि पखवाजाकडे बघून सावरून घेतात. स्टेडियममध्ये मोठ्या पडद्यावर बघून टाळी दिली तर ती कानावरच्या तालाच्या पुढे पळते. टाळी द्यायचीच असेल तर डोळे मिटून द्यावी.

हे अंतर झाकण्यासाठी मैदानात मध्येच दुसरे मनोरे उभे केलेले असतात. त्यांना डिले टॉवर म्हणतात, आणि लोक त्यांना नुसतेच जादा स्पीकर समजतात. मनोरा स्टेजपासून ६० मीटरवर असेल तर त्याला आवाज १७३ मिलिसेकंद थांबवून सोडावा लागतो. वर आणखी १० ते १५ मिलिसेकंद मुद्दाम वाढवतात, कारण कान जो आवाज आधी येतो त्याच दिशेला गायक उभा आहे असं मानतो. एवढं जुळलं की मनोऱ्याच्या बाजूला उभ्या माणसालाही आवाज स्टेजवरूनच येतोय असं वाटतं. चुकलं की प्रत्येक शब्द दोनदा येतो. बिघडतं कुठे, तर बहुधा हवामानात. दुपारी ३४ अंशांत साउंड चेक झाला आणि रात्री पारा २४ वर आला की आवाजाचा वेग सेकंदाला सहा मीटरने घटतो. १०० मीटरवर ती चूक ५ मिलिसेकंदांची होते. लहानच चूक, पण झांजेची किणकिण तेवढ्यातही गढूळ होते. चांगला साउंडवाला कार्यक्रमाच्या आधी पुन्हा तापमान बघून आकडे बदलतो. ऐकणाऱ्याने एवढंच पाळावं की डिले टॉवरच्या अगदी पायथ्याशी किंवा त्याच्या मागे लगेच उभं राहू नये. त्याच्या पलीकडे पंधरा-वीस मीटर गेलं की आवाज नीट जुळतो.

हवेबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. दमट हवेत आवाज दबतो, असं सगळे म्हणतात. उलट आहे. झांजेतला वरचा भाग, म्हणजे ८ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज, ७० टक्के आर्द्रतेत १०० मीटरवर साधारण ८ डेसिबल घटतो. कोरड्या हवेत, २० टक्क्यांच्या आसपास, तो २० डेसिबलपर्यंत घटू शकतो. तेव्हा खाडीकाठचं नेरुळ घाम काढत असलं तरी मागच्या रांगेतल्या चाहत्याला कोरड्या पठारावरच्या मैदानापेक्षा झांज जास्त देतं. वारा मात्र त्रास देतो. वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज जमिनीकडे वाकतो, वाऱ्याविरुद्ध जाणारा डोक्यावरून निघून जातो. महालक्ष्मीसारख्या उघड्या मैदानावर आवाज मध्येच मोठा-लहान होतो, हेलकावतो, तो वाऱ्याने. साउंडवाल्याने बटण फिरवलेलं नसतं.

डी. वाय. पाटील वाटीसारखं आहे, तिथे वाऱ्याऐवजी प्रतिध्वनीचा त्रास. छत खांबांशिवाय पुढे आलेलं असल्याने खेळ बघताना आड काही येत नाही, पण त्या छताखालच्या वरच्या रांगांत बेस घुमून राहतो आणि समोरच्या काँक्रीटवर आपटलेला आवाज परत येतो. स्टँडचं तिकीट घेताना तीन गोष्टी बघाव्यात. स्टेजच्या अगदी बाजूचा विभाग टाळावा, तिथे एकाच बाजूची माळ ऐकू येते आणि डाव्या-उजव्या गिटारचा खेळ हरवतो. छताच्या सर्वात आतली रांग टाळावी. आणि स्टेजच्या बरोबर समोरचा, पण खालच्या किंवा मधल्या मजल्याचा विभाग मिळाला तर लांब आहे म्हणून सोडू नये.

शिवाय कोल्डप्लेसारख्या बँडचं लांबून जे दिसतं ते जवळून दिसतच नाही. त्यांच्या प्रत्येक श्रोत्याच्या मनगटावर प्रकाशाची पट्टी बांधलेली असते आणि ती कधी कोणत्या रंगाने पेटायची हे बाहेरून येणाऱ्या संदेशावर ठरतं. मैदानातला माणूस त्या चित्रातला एक ठिपका असतो. चित्र दिसतं वरच्या स्टँडमधल्याला, आणि तो कमी पैसे देऊन आलेला असतो. (पट्टी घरी आठवण म्हणून नेऊ नये. ती पुढच्या शहरात वापरायची असते, बाहेर पडताना गोळा करतात आणि कोणत्या शहराने किती टक्के परत केल्या हेही जाहीर होतं.) शिवाय त्या दौऱ्यात मुख्य स्टेजखेरीज मैदानाच्या मध्यात आणि मागे अशी आणखी दोन छोटी स्टेज होती. मागच्या कोपऱ्यातलं तिकीट घेऊन हळहळणाऱ्यांच्या पुढ्यातच बँड काही गाणी वाजवायला आला. बँडच्या आधीच्या शहरांतल्या कार्यक्रमांत स्टेजची मांडणी कशी होती, हे तिकीट काढण्यापूर्वी दहा मिनिटं बघितलं तर कुठली जागा घ्यावी ते कळतं. गाण्यांची यादी मात्र बघू नये असं माझं मत. पुढचं गाणं कोणतं हे आधीच माहीत असणं म्हणजे जेवणाआधी ताटाचा फोटो बघण्यासारखं आहे.

आता कानाचं. हा भाग आपल्याकडे हसण्यावारी नेतात. कामाच्या ठिकाणच्या आवाजाचा अमेरिकेतला आरोग्य संस्थेचा हिशेब असा आहे: ८५ डेसिबल आठ तास चालतं, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. रॉक कार्यक्रमाच्या पुढच्या भागात १०० डेसिबल ही काही विशेष गोष्ट नाही आणि कार्यक्रम दोन तासांचा. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहते आणि बोलणं कापसातून आल्यासारखं वाटतं, ते कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी थकल्याचं लक्षण. दुसऱ्या दिवशी बहुतेकांचं बरं होतं. प्रत्येक वेळी पूर्ण बरं होतंच असं नाही आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. वीस वर्षं गाणं ऐकलेल्या कानाला अजून वीस वर्षं ऐकायचं असेल तर बोळे घालावेत.

बोळे दोन प्रकारचे. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे स्वस्त असतात, आवाज भरपूर तोडतात, पण वरचे सूर जास्त आणि खालचे कमी, त्यामुळे गाणं भिंतीपलीकडून आल्यासारखं लागतं. संगीतासाठीचे वेगळे मिळतात, त्यांत बारीक गाळणी असते आणि ते सगळे सूर सारखेच १५ ते २० डेसिबलने खाली आणतात. १०० चे ८० ते ८५ होतात, आणि गंमत म्हणजे शब्द जास्त स्पष्ट कळतात, कारण कान आवाजाखाली दबलेला नसतो. फोमचे बोळे निकामी ठरतात ते घालण्याच्या पद्धतीमुळे. नुसते कानाच्या तोंडाशी खुपसले तर निम्मंही काम होत नाही. स्वच्छ कोरड्या बोटांनी बोळा चुरगळू नये, वळावा. वात वळतात तसा, सुरकुती न पडता, जितका बारीक होईल तितका. मग दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वरच्या टोकाला धरून वर आणि मागे ओढावी, म्हणजे आतली वाकडी नळी सरळ होते. बोळा आत सरकवून बोटाने २० ते ३० सेकंद दाबून धरावा, तेवढ्यात तो फुगून बसतो. बरोबर बसला की स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा येतो. समोरून बघणाऱ्याला बोळ्याचं टोक बाहेर आलेलं दिसत असेल तर काढून पुन्हा घालावा. मधल्या वेळेत गर्दीत, घामेजल्या हातांनी हे जमत नाही. गेटच्या आत शिरल्यावर पहिलं काम हेच.

लहान मुलांना नेणार असाल तर बोळे नकोत, डोक्यावरून बसणारे कानझाकण घ्यावेत, आणि मुलाला पुढच्या भागात नेऊच नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मानक दिलं आहे. १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज सतत मोजला जावा, श्रोत्यांना बोळे उपलब्ध असावेत, कानाला विसावा द्यायला शांत जागा असावी. आपल्याकडे कायद्याची नजर उलट्या दिशेने आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम कुंपणाबाहेरच्या माणसाचा विचार करतात. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल तेवढाच. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे तिथे ६५. हा नियम रास्त आहे, नेरुळकरांनाही झोप आहे आणि परिसरात रुग्णालय आहे. पण कुंपणाच्या आत उभ्या हजारो कानांचं काय, हे कुणी विचारत नाही. परवानगी देताना आतल्या आवाजाचीही अट घालायला हरकत नसावी.

त्याच नियमांमुळे ध्वनिक्षेपकांची मुदत साधारणपणे रात्री १० पर्यंत. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, पण ती सूट सणावारांसाठी असते, तिच्यावर विसंबू नये. परिणाम असा की परदेशी बँड वेळेवर सुरू करतात. सात म्हणजे साडेआठ हा आपला हिशेब इथे चालत नाही, आणि उशिरा आलेल्याची दोन-तीन गाणी गेटबाहेरच्या रांगेत जातात. आयोजकांनी तिकिटावर फक्त गेट उघडण्याची वेळ न छापता मुख्य बँडची वेळही छापावी. ती त्यांना महिनाभर आधी माहीत असते. लपवतात ती बहुधा आत लवकर आलेल्यांनी जास्त खावं-प्यावं म्हणून.

पाण्याबद्दल तर बोलायलाच हवं. बाटली गेटवर काढून घ्यायची आणि आत पाण्याचा ग्लास विकत, हा प्रकार बंद व्हावा. तोवर चाहत्याने दुपारपासून थोडं थोडं करून दीड-दोन लिटर पाणी पोटात घालावं, गेटवर एकदम लिटरभर रिचवू नये, नाहीतर ऐन रंगात रांग शोधावी लागते. शौचालयाला जायची योग्य वेळ म्हणजे मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्या कलाकाराच्या कार्यक्रमाचा मध्य. तो संपून मुख्य बँड येईपर्यंतच्या अर्ध्या तासात सगळं मैदान तिकडेच निघालेलं असतं. चार वाजता पोळी-भाजी किंवा भात खाऊन निघावं, वडापाववर सहा तास उभं राहता येत नाही.

पुढच्या गर्दीत उभे राहणाऱ्यांसाठी: दोन्ही हात छातीशी घडी करून ठेवावेत, म्हणजे दाब आला तरी बरगड्यांना फुगायला जागा राहते. पाय एकामागे एक. खाली पडलेला फोन उचलायला वाकू नये, गेला तर गेला. बाहेर यायचं तर लाट ओसरते त्या क्षणी, मागे नाही, तिरकं बाजूला.

फोनवर सगळा कार्यक्रम टिपणाऱ्यांना एकच तांत्रिक गोष्ट सांगतो. एवढ्या मोठ्या आवाजाला फोनचा माइक पुरा पडत नाही, बेस फाटतो आणि घरी ऐकायला उरते ती शेजाऱ्याची किंकाळी. एक गाणं टिपा, मिक्सरजवळ उभं राहून टिपा, बाकी वेळ फोन खिशात. बॅटरीही उरते, आणि ती परतीला लागते. हजारो फोन मोबाइलच्या एकाच मनोऱ्यावर लटकल्यावर नेटवर्क चालत नाही, त्यामुळे तिकीट फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावं, सोबत्यांशी भेटायची जागा बोलून ठरवावी, कॅबवर विसंबू नये.

परतीसाठी नेरुळ आणि जुईनगर ही दोन्ही स्थानकं चालत जाण्याजोगी. बहुतेक सगळी गर्दी एकाकडे लोटते, म्हणून दुसरं धरावं. परतीचं लोकलचं तिकीट जातानाच काढावं. कार्यक्रम रविवारी असेल तर जाताना हार्बरचा मेगाब्लॉक कुठून कुठे आहे ते सकाळी बघून घ्यावं. शेवटच्या गाण्याच्या आधी निघून गर्दी चुकवण्यापेक्षा शेवटचं गाणं पूर्ण ऐकून पंधरा मिनिटं तिथेच बसावं. तेवढ्यात स्टँड रिकामा होतो आणि मचाणावरचा माणूस केबल गुंडाळायला लागलेला असतो.

आयोजकांकडे मागणी फार नाही. तिकीट विकताना जो नकाशा दाखवता त्यावर मिक्सरचं मचाण आणि डिले टॉवर कुठे उभे राहणार ते काढा. ते आराखड्यात पहिल्या दिवसापासून असतात. आपल्या वर्तमानपत्राने पुढच्या कार्यक्रमाआधी तो नकाशा मागून घेऊन छापावा.

आपला वाचक,
नेरुळ, नवी मुंबई